दामल्यांच्या स्वयंपाकघरातला स्पीकर

वसू,

मला तुझा राग आला आहे. तू असताना आला असता तर फोन केला असता, तू "बोल" म्हणाली असतीस आणि थोड्या वेळात आपण दोघी भलत्याच विषयावर भांडत बसलो असतो. आता तू गेल्यावर आला आहे आणि तो कुठे नेऊन ठेवायचा ते कळत नाही. म्हणून लिहिते आहे.

तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल बरंच काही आलं. कर्तबगार, हसतमुख, मनमिळाऊ. तुझ्या लेकाने, अमेयने मला ते सगळं पाठवलं. मनमिळाऊ हा शब्द वाचला आणि मी फोन पालथा ठेवला. तू मनमिळाऊ नव्हतीस गं. डोंबिवलीतल्या त्या जुन्या इमारतीत निम्म्या बिऱ्हाडांशी तुझं गच्चीवरच्या अँटेनावरून कधी ना कधी वाजलेलं होतं. माझ्याशी तर पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षापासून वाजत आलं होतं, आणि मला तेच आठवतंय.

ठाण्याला पॉलिटेक्निकमध्ये आपण एका टेबलावर होतो. वर्गात मुली कमी, म्हणून सरांनी आपल्याला एकत्र बसवलं होतं. शेवटच्या वर्षी दोघींनी मिळून एक छोटा ट्रान्समीटर करायचा होता. माइकमधून येणारा क्षीण आवाज वाढवायचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे, आणि पुढे रेडिओ लहरी वाढवून अँटेनात सोडायचा अ‍ॅम्प्लिफायर तुझ्याकडे. माझा बोर्ड सुबक होता. सगळ्या वायरी काटकोनात वळवून दोऱ्याने बांधलेल्या. तुझा बोर्ड म्हणजे गिचमिड. सगळे भाग एकमेकांच्या उरावर बसवलेले, पाय छाटलेले, बोट शिरायला जागा नाही. सरांनी दोन्ही पाहिले आणि तुला म्हणाले, हे हिच्यासारखं नीटनेटकं करून आण, नाहीतर मार्क विसर.

तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस, मला नवल वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तसाच सुबक बोर्ड करून आणलास आणि त्यांच्यासमोर चालू केलास. मीटरचा काटा झटकन टोकाला गेला, माइकसमोर कोणी नव्हतं तरी अ‍ॅम्प्लिफायर आपला आपणच ओरडत सुटला होता आणि ट्रान्झिस्टरवरून धूर आला. सर एक पाऊल मागे सरले. तू शांतपणे म्हणालीस, "सर, हिच्या कामात वायर म्हणजे वायर असते. माझ्या कामात बोटभर वायरसुद्धा एक वेगळा भाग असतो. शेजारून गेलेल्या दोन वायरी आपसात बोलायला लागतात." मग जुना, गिचमिड बोर्ड पिशवीतून काढलास. तो चालला.

नंतर कॅन्टीनमध्ये मी चिडले होते, कारण 'हिच्या कामात' हे तू जरा खालच्या सुरात म्हणाली होतीस असं मला वाटलं. तिथून आपलं सुरू झालं. मी म्हणायची, तुझा अ‍ॅम्प्लिफायर लाडावलेला आहे; त्याला लहरींचा एकच अरुंद पट्टा दे, बाकी जगाशी त्याला देणंघेणं नाही. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला पखवाजाच्या घुमाऱ्यापासून झांजेच्या टोकापर्यंत सगळ्यांना सारखं वागवावं लागतं. एकालाही मोडून चालत नाही, कारण ऐकणाऱ्याचा कान लगेच पकडतो. तू म्हणायचीस, तेच तर. तुझी चूक ऐकू येते, लोक सांगतात, तू दुरुस्त करतेस. माझी चूक गप्प बसते आणि भलत्या ठिकाणी, भलत्या दिवशी उगवते. अँटेना न जोडता माझा अ‍ॅम्प्लिफायर चालू केला तर काय होईल? असं तू विचारायचीस आणि उत्तरही स्वतःच द्यायचीस. "स्पीकर काढला तर तुझा निवांत बसून राहील. माझा पाठवलेली सगळी ताकद परत अंगावर घेईल आणि जळेल."

पुढे तू वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ट्रान्समीटरच्या कामाला लागलीस, मी नाट्यगृहांच्या साउंडमध्ये शिरले. तू हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढलास, गच्चीवर वायर ताणलीस आणि घरात स्वतःच्या हाताने तो मोठा अ‍ॅम्प्लिफायर बांधलास. लोखंडी पेटी, आत दिव्यासारखा, काचेचा जाडजूड व्हॉल्व्ह. छोट्या सेटवरून तू महाराष्ट्रभर पोचायचीस, पेटी लावली की समुद्रापलीकडे. तुझे यजमान गेल्यावर तर संध्याकाळी तू तिथेच असायचीस. मला ते तेव्हा पूर्ण समजलं होतं असं नाही. मी ठाकुर्लीहून यायची, तुझं बोलणं संपेपर्यंत पाठीमागे चहा घेऊन बसायची, आणि तू कुठल्यातरी अनोळखी माणसाला तुझ्याकडची हवा कशी आहे ते सांगत असायचीस.

मग तुझ्या खालच्या मजल्यावरचे दामलेकाका आजारी पडले.

त्यांचे हातपाय थरथरायचे ते आपण पाहतच होतो, पण त्या आजारात आवाजही जातो हे मला माहीत नव्हतं. कधीकाळी शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज पुटपुटण्याइतका उरला. काकू स्वयंपाकघरात असल्या की त्यांना हाक ऐकू यायची नाही. घंटी दिली तर ती दाबायला बोट जागेवर राहत नसे. तू मला फोन केलास आणि नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणालीस, तुझ्या कामाचं आहे, ये.

मी ते मनापासून केलं, वसू. काकांच्या उशाशी छोटा माइक, तिथून भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरापर्यंत वायर, फडताळावर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. त्यांची कुजबुज जेवढ्या पट्टीत होती तेवढीच पट्टी उचलली, पंख्याची घरघर बाजूला ठेवली. काकांनी पहिल्यांदा "सुमन" म्हटलं आणि ते पोळ्या लाटणाऱ्या काकूंना स्पष्ट ऐकू आलं तेव्हा काकू लाटणं हातात घेऊनच खोलीत धावल्या. तू दारात उभी होतीस. मला म्हणालीस, "बरं जमलंय." तुझ्या तोंडून एवढं म्हणजे खूप होतं.

पुढच्याच आठवड्यात काकूंचा मला फोन आला. अगं, हे सारखे काहीतरी बोलतात, मी धावत जाते तर झोपलेले असतात. मला वाटलं, झोपेत पुटपुटत असतील. मी येऊन बसले. संध्याकाळी स्पीकरमधून आवाज आला. घशात अडकलेला, चेपलेला, शब्द लागत नव्हते, पण माणूस बोलतोय एवढं कळत होतं. थेट काकांसारखा. काकू उठल्या, मी त्यांना थांबवलं आणि खोलीत डोकावले. काका शांत झोपलेले. आवाज चालूच.

मी तशीच जिना चढून तुझ्याकडे आले. तू माइकसमोर बोलत होतीस. तू थांबलीस की खालचा आवाजही थांबत होता, काकू फोनवर सांगत होत्या.

त्या दिवशीचं आपलं भांडण मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. मी म्हणाले, तुझा रेडिओ खाली घुसतोय. तू म्हणालीस, माझा ट्रान्समीटर स्वच्छ आहे, मला दिलेल्या पट्ट्याबाहेर एक कण जात नाही, हवं तर मोजून दाखवते. तुझा अ‍ॅम्प्लिफायर जे ऐकायला नको ते ऐकतोय. तू ताणलेली ती लांब वायर अँटेना झाली आहे, आणि तुझा पहिला ट्रान्झिस्टर माझ्या लहरी पकडून त्यांचा आवाज करतोय, अर्धवट, वेडावाकडा. मी म्हणाले, माझं यंत्र तुझा मोठा अ‍ॅम्प्लिफायर बंद असताना बिनतक्रार चालतं, मग दोष कोणाचा? तू म्हणालीस, "उघड्या खिडकीतून शेजारच्या घरातलं ऐकू आलं तर शेजाऱ्याने गप्प बसायचं की आपण खिडकी लावायची?"

मी आजही म्हणते, खिडकी लावायला मला आधी सांगायचं होतंस. तू आजही म्हणाली असतीस, अ‍ॅम्प्लिफायर बांधणारीला हे माहीत असायला हवं. ते तिथेच राहिलं.

मध्ये सोसायटीची कमिटी आली. सेक्रेटरींना तुझा अँटेना उतरवायला निमित्तच हवं होतं. मला बैठकीला बोलावून त्यांनी विचारलं, तुम्ही यातल्या आहात, तुम्हीच सांगा. तू समोर हाताची घडी घालून बसली होतीस, माझ्याकडे न बघता. मी सांगितलं की दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर आहेत आणि इलाज माझ्या यंत्रावर करता येतो. तुला ते आवडलं की नाही कळलं नाही. जिन्यात फक्त म्हणालीस, "शनिवारी ये. सामान मी आणते."

त्या शनिवारी दुपारी मी आले आणि आपण पुन्हा वाद घालायला बसलो. टेबलावर तू फिल्टरचं, म्हणजे तुझ्या लहरी बाहेरच अडवायचं, सामान मांडलं होतंस: काळ्या, ठिसूळ फेराइटच्या कड्या, मुगाच्या डाळीएवढे कपॅसिटर. मी म्हणत होते, मला माझ्या पद्धतीने करू दे. तू म्हणत होतीस, हे तुझ्या पद्धतीने होणारं काम नाही. आणि बेल वाजली.

दारात दामलेकाकू. त्यांना एवढं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. हाताला पीठ लागलेलं, पदर खोचलेला. म्हणाल्या, "वसुधा, बंद कर बाई ते. किती वेळ चाललंय. डोकं उठलं माझं, शेवटी मी त्याचा आवाज बारीक केला."

तू वळून टेबलाकडे पाहिलंस. रेडिओ बंद होता. अँटेनाची वायर मागून काढून टेबलावर ठेवलेली होती, कारण मी यायच्या आधीच तू ती काढली होतीस.

"काकू," तू म्हणालीस, "मी सकाळपासून रेडिओ लावलेलाच नाही."

काकूंचा चेहरा मला नीट आठवत नाही. तू त्यांच्या बाजूने निघून जिन्यात पोचली होतीस एवढं आठवतं. तू चपला घातल्या नव्हत्यास. मी काकूंचा हात धरून उतरवत होते आणि खालून तुझी हाक आली, अनघा, लवकर.

काका कॉट आणि भिंतीच्या फटीत घसरले होते. सदऱ्याची कॉलर कॉटच्या दांडीला अडकून गळ्याशी आवळली होती, चेहरा काळानिळा. तू कॉटवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी त्यांना वर ओढून धरलं होतंस आणि मला म्हणालीस, काप, कात्री बघू नकोस, फाड. मी सदरा फाडला. बटण उडून भिंतीवर आपटलं. मग काकांनी श्वास घेतला, तो खरखरत आत गेला, आणि फडताळावरच्या बारीक केलेल्या स्पीकरमधूनही तोच खरखरता श्वास आला.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणत होत्या, मला वाटलं वसुधा. मला वाटलं वसुधा आहे.

डॉक्टर येऊन गेले. काका वाचले. संध्याकाळी काकू त्यांच्या पायाशी बसून होत्या आणि आपण दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर माझं यंत्र उघडून बसलो होतो. वाद घालायची ताकद कोणातच नव्हती. मी कपॅसिटर उचलला आणि सवयीने त्याचे पाय वळवून छान कमानीत बसवायला लागले. तू तो माझ्या हातातून घेतलास, पाय मुळापासून छाटलेस आणि म्हणालीस, "इथे नको गं सुबकपणा. एवढे लांब पाय राहिले तर तो रेडिओ लहरींना दिसणारच नाही. अगदी चिकटून बसू दे." मी चिकटवून सोल्डर केला. तू वायर कडीतून पुन्हा पुन्हा ओवून घेतलीस. वायरचं वरचं जाळीचं आवरण मी आतल्या पट्टीला जोडायची. तू ते थेट धातूच्या पेटीला, आत शिरायच्या आधीच जोडायला लावलंस.

मग तू वर गेलीस. फोनवर म्हणालीस, "बोलतेय हं." स्पीकर गप्प. "आलं काही?" तू विचारलंस. मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, "झालं मग."

त्यानंतर काका कितीतरी वर्षं जगले. माझा स्पीकर त्यांची हाक पोचवत राहिला आणि काकू पहिल्या शब्दाला धावत राहिल्या. मी कधी कधी तुला डिवचायची, बघ, माझ्या अ‍ॅम्प्लिफायरने तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरला बाहेर ठेवलं की नाही. तू म्हणायचीस, "हो बाई, जिंकलीस." आयुष्यात कधीही, कशातही माघार न घेणारी तू हे किती सहज म्हणायचीस.

गेल्या वर्षी काका झोपेत गेले. तोवर तुझं दुखणं निघालं होतं आणि अमेय तुला घोडबंदर रोडला त्याच्या घरी घेऊन गेला. तुला ते घर मानवलं नाही. तिथे गच्चीवर वायर लावायला कोणी परवानगी देणार नव्हतं. खिडकीशी तू छोटा रिसीव्हर ठेवला होतास, पण त्यात लिफ्टची आणि दिव्यांची नुसती करकर यायची. मी येईपर्यंत ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला यायचा, आणि आत आले की तू म्हणायचीस, आलीस का, बस, मला यातून काढ.

शेवटच्या भेटीत तू हॉस्पिटलात होतीस. तू बोललीस ते मी तुझ्या तोंडाशी कान नेऊन ऐकलं. म्हणालीस, "दामल्यांच्या त्या फिल्टरचं तुला एक सांगायचं राहिलंय." मी म्हटलं, आता नको, घरी आल्यावर भांडू. तू हसलीस. मग सिस्टर आली, मला बाहेर थांबायला सांगितलं, आणि अमेय म्हणाला, मावशी, तिला आता झोपू दे. ते तिथेच संपलं. मी कितीतरी दिवस तर्क करत राहिले. वाटलं, कड्या आणखी घालायला हव्या होत्या असं काहीतरी म्हणायचं असेल तुला.

तुझे दिवस झाले आणि अमेयने डोंबिवलीचं घर रिकामं करायला घेतलं. इमारत पाडून नवीन होणार आहे, सगळीच बिऱ्हाडं निघाली आहेत. मी मदतीला आलेले. दुपारी काकूंनी खाली जेवायला बोलावलं. फडताळावर माझा स्पीकर अजून तिथेच, पुसून ठेवलेला. मी म्हटलं, काकू, हा आता काढून देते. त्या म्हणाल्या, राहू दे, जाईन तेव्हा जाईल. मग वाढता वाढता, अगदी सहज, म्हणाल्या, "वसुधाने याच्यापायी ते मोठं यंत्र परत कधी लावलंच नाही ना."

माझा घास हातात राहिला. मी म्हटलं, लावत होती की, मी बसवलेल्या फिल्टरमुळे इकडे येत नव्हतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की मला माहीत नाही. मग सांगितलं. त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी तू खाली आली होतीस. म्हणाली होतीस, काका आहेत तोवर मी ती पेटी लावणार नाही. छोट्या सेटवर बोलेन, तो खाली येत नाही. यापुढे यातून आवाज आला तर तो काकांचाच. शंका घ्यायची नाही, धावायचं. आणि अनघाला सांगू नका, तिला वाटेल तिच्या कामावर माझा भरवसा नाही.

तिथून राग आला, वसू. तू मला जिंकल्याचं सांगत राहिलीस आणि वर, एकटी, समुद्रापलीकडचं सगळं बंद करून बसलीस. काका गेले तेव्हा तुझ्यात पेटी चालू करायचं त्राणही उरलं नव्हतं. त्या परक्या माणसांपैकी कोणी वाट पाहिली असेल, आणि तू मात्र गंमत असल्यासारखं मला म्हणत राहिलीस, हो बाई, जिंकलीस. मला विचारायचं होतंस. मी दर महिन्याला येऊन तपासून दिलं असतं. भांडले असते, पण दिलं असतं. आणि त्या संध्याकाळी फोनवर 'बोलतेय हं' म्हणालीस तेव्हा तरी पेटी लावली होतीस का, कोण जाणे; मला आता कधीच कळणार नाही की माझं काम बरोबर होतं की नव्हतं.

ते मला सहन होईना. तुझा अँटेना रविवारी उतरणार होता आणि पेटी न्यायला आंबिवलीचे सावंत येणार होते. तुझ्याशी इतकी वर्षं रेडिओवर बोललेले, तुझ्या घरी मात्र पहिल्यांदा आलेले. मी त्यांना सांगितलं, ही उतरवण्याआधी एकदा पूर्ण ताकदीवर चालवा, तुमच्या परवान्यावर. ते तयार नव्हते. म्हणाले, मॅडम, इतकी वर्षं बंद आहे, आत जीव घेईल एवढा विजेचा दाब असतो, व्हॉल्व्ह फुटला तर वसुधाबाईंची एकुलती एक वस्तू हातची जाईल. अमेय म्हणाला, मावशी, कशासाठी? मी म्हटलं, मला तिच्याशी एक भांडण संपवायचं आहे. मग अमेयच सावंतांना म्हणाला, लावा.

सावंतांनी, झटका छातीतून जाऊ नये म्हणून, एक हात खिशात ठेवून पेटी उघडली, तू ठेवायचीस तसा. आत धूळ होती, ती पुसली, जोडण्या एकेक तपासल्या. मग झाकण लावून दाब थोडा थोडा चढवत गेले. मध्येच आत काहीतरी तडकल्याचा आवाज झाला आणि आम्ही तिघेही मागे सरलो. त्यांनी थांबून वाट पाहिली. पुन्हा चढवला. व्हॉल्व्हची तार लाल झाली. मी जिना उतरून खाली आले.

काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. मी स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. फोनवर सावंत म्हणाले, "मॅडम, पूर्ण ताकदीवर आहे. बोलतोय." त्यांचं बोलणं मला फोनमधून ऐकू येत होतं, ते कोणालातरी तुझं नाव सांगत होते, सांगत होते की तिचा आवाज आता या पट्ट्यावर येणार नाही. फडताळावरचा स्पीकर गप्प होता. मी कान लावला. बारीक सुस्कारा, यंत्र चालू असल्याचा, बाकी काही नाही.

म्हणजे माझं काम बरोबर होतं. आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

मी तिथे उभी राहून तुला विचारत होते, मग का? आणि उत्तर मला येत होतं, तुझ्याच हुकमी आवाजात येत होतं. "आज गप्प आहे. उद्या दमट हवेने एखादा जोड सुटला असता, काकूंनी झाडताना वायर सरकवली असती, आणि एकदाच, फक्त एकदाच, माझा आवाज खाली आला असता, तर पुढच्या हाकेला काकू क्षणभर थांबल्या असत्या." तुझ्या हाताखालची वस्तू दहादा तपासून तू लोकांच्या स्वाधीन केली असतीस, वसू, पण तो क्षण तू कोणाच्या स्वाधीन करणार नव्हतीस. माझ्याही नाही. यात माझ्या कामाचा प्रश्नच नव्हता. हे त्या हॉस्पिटलात सांगायचं होतंस का? की आणखी काही होतं? मी तेव्हा घरी आल्यावर भांडू म्हणाले, आणि तू हसलीस.

काकूंनी विचारलं, "बिघडलं तर नाही ना ते? काही येत नाहीये त्यातून."

ते खरंच होतं. स्पीकर मुकाच झाला असेल तर ही परीक्षा काही कामाची नव्हती. मी म्हटलं, काकू, जरा खोलीत जाऊन माइकवर काहीतरी बोला. त्या उठल्या, भिंतीला धरून सावकाश गेल्या. मला कॉटची कुरकुर ऐकू आली, त्या काकांच्या जागी बसल्या असाव्यात. फोनमध्ये सावंत अजून दूरच्या माणसांशी बोलत होते.

मग स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, प्रत्येक अक्षर सुटं.

"वसुधा, आता लावलंस तरी चालेल हं."

त्या परत आल्या तेव्हा मी पाठ फिरवून ओट्याशी उभी होते. आवाज आला का, त्यांनी विचारलं.

आला, मी म्हटलं. स्वच्छ आला.